बैठक सजवायची, पण सुरुवात कुठून?

वाशीमच्या जुन्या वस्तीत, दोन गल्ल्यांच्या कोपऱ्यावर आमचं घर आहे. दादाजाननी बांधलेलं. जाड मातीच्या भिंती, सागवानी खांब, सरांवर किलच्या टाकून केलेलं धाबं आणि त्यावर पुढे कधीतरी चढवलेले टिनाचे पत्रे. रस्त्याकडच्या खोलीला आम्ही बैठक म्हणतो. दहा बाय चौदा फुटांची खोली. आला-गेला तिथेच बसतो, मुलं तिथेच अभ्यास करतात, रमजानमध्ये इफ्तारचा दस्तरखान तिथेच अंथरला जातो. मरहूम अब्बांचा सागवानी तख्त तिथेच आहे आणि त्या तख्ताच्या पश्चिमेकडच्या टोकाला, खिडकीजवळ, अम्मी बसतात.

गेल्या हिवाळ्यात मोठ्या मुलीसाठी अकोल्याहून रिश्ता सांगून आला. ते लोक म्हणाले, "रमजान ईद झाली की घरी येऊ." हातात चार महिने होते आणि भिशीचे ६०,००० रुपये नुकतेच आले होते. त्याच रात्री जेवताना ठरलं की बैठक नवी करायची. कुठून सुरुवात करायची, हे मात्र ठरेना.

मोठी मुलगी बी.एड. करून शाळेत शिकवते. ती म्हणाली, "आधी सोफा. पाहुण्यांना तख्तावर मांडी घालून बसवणार का?" मुलाला पश्चिमेच्या भिंतीवर मोठा टीव्ही आणि त्याखाली कपाट हवं होतं. धाकटीला छताला पीओपी आणि त्यात लपवलेले दिवे हवे होते. आम्हा दोघांना वाटत होतं की रंग दिला की निम्मं काम झालं. अम्मींना विचारलं तर म्हणाल्या, "तुम्हाला बरं वाटेल ते करा." घरातलं माणूस असं म्हणतं तेव्हा त्याचं काहीतरी म्हणणं असतंच, हे आम्हाला तेव्हा उमगलं नाही.

बाजारात एक फेरी

पुढच्या रविवारी आम्ही बाजारात निघालो. पाटणी चौकातून सुरुवात करून अकोला नाक्यापर्यंत गेलो, तिथून परत फिरलो. १९९८ साली १ जुलैला अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला, तेव्हापासून आमचं हे गाव बघता बघता पसरलं. पूर्वी सोफ्यासाठी अकोला गाठावं लागे. आता फर्निचर, रंग, टाईल्स, पडदे सगळं एका फेरीत दिसतं.

सोफ्याच्या दुकानदाराने सांगितलं, "सोफा आधी ठरवा. त्याचा रंग ठरला की भिंतीचा रंग आपोआप ठरतो." रंगाच्या दुकानात ऐकायला मिळालं, "पुट्टीचे दोन हात मारा, वर चमकदार रंग द्या, सोफा कुठलाही चालेल." पीओपीवाला म्हणाला, "छत हाच खोलीचा चेहरा." टाईल्सवाल्याने तर आमची शहाबादी फरशी न बघताच ती उखडायला सांगितली. प्रत्येकाची सुरुवात त्याच्या दुकानापासून होत होती. त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. विचारायला आम्हीच चुकीच्या ठिकाणी गेलो होतो.

घरी आलो तेव्हा हातात चार रंगांची पत्रकं होती आणि डोकं दुखत होतं. सोफ्याचा आकडा ऐकून मुलगीही जरा गप्प झाली होती. तीन आसनी एक आणि एक आसनी दोन घेतले असते तर भिशीतले दोन तृतीयांश पैसे तिथेच गेले असते.

कारंज्याची वाट

डिसेंबरच्या शेवटी नात्यातल्या एका निकाहला कारंज्याला जायचं होतं. सकाळच्या एसटीने आम्ही निघालो. मध्ये मंगरूळपीर लागतं. या गावाला कुणी बिरबलनाथांच्या नावाने मंगरूळनाथ म्हणतं, कुणी हजरत दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे मंगरूळपीर. दोन्ही नावं इथे सुखाने नांदतात. आम्ही उतरलो, दर्ग्यात फातिहा पढली आणि थोडा वेळ सावलीत बसलो. खेड्यापाड्यातून आलेली माणसं जमिनीवरच टेकली होती. कुणी डबा सोडला होता, कुणी लेकराला मांडीवर झोपवलं होतं. अम्मी म्हणाल्या, "इथे किती बरं वाटतं बसायला. गुडघाही दुखत नाही." तेही आम्ही तेव्हा नुसतं ऐकलं.

कारंजा लाड हे जुन्या श्रीमंतीचं गाव. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस अशी वेशींची नावं अजून लोकांच्या तोंडी आहेत. कोणत्या वेशीतून कुठली वाट निघत होती, ते नावातच आहे. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून गुरुमंदिराकडे जाणाऱ्यांची वर्दळ असते. जैनांची जुनी मंदिरं आहेत. मुर्तिजापूरहून यवतमाळकडे जाणारी छोटी रेल्वे इंग्रजांच्या काळात कापसासाठी टाकली, तीही कारंज्यावरूनच. लोक तिला शकुंतला म्हणत.

वलीम्याच्या दिवशी सकाळी एका म्हाताऱ्या नातेवाइकांनी आम्हाला गावात फिरवलं आणि कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट सांगितली. कारंज्यात ती लहान पोरालाही ठाऊक असते. एक व्यापारी उंटांवर कस्तुरी लादून गावोगाव हिंडत होता, पण एवढा माल घेणारा कुणी भेटेना. कारंज्याच्या एका सावकाराच्या हवेलीचं बांधकाम तेव्हा चालू होतं. त्याने सगळी कस्तुरी विकत घेतली आणि भिंतींसाठी कालवलेल्या गाऱ्यात ओतायला लावली. म्हणून ती कस्तुरीची हवेली.

गोष्ट खरी किती आणि रंगवलेली किती, ते जाणणारे जाणोत. सावकाराचा थाट तर त्यात आहेच. पण मुलगी पटकन बोलून गेली, "म्हणजे त्याने पैसा भिंतीत घातला. वर काहीच दिसत नव्हतं." नातेवाईक हसले आणि म्हणाले, "बेटा, पूर्वी घर बांधणारे भिंतीला फार जपत."

त्या दिवशी दुपारी आम्ही खालाजानकडे जेवायला होतो. त्यांची बैठक आमच्यापेक्षाही लहान. खाली सतरंजी, भिंतीला लागून कापसाच्या गाद्या, त्यांवर पांढऱ्या चादरी, चार लोड. भिंतीतल्या ताकात रहलीवर कुराण शरीफ. दारासमोर काहीही नाही. आम्ही अकरा जण आरामात बसलो आणि बाराव्यासाठी जागा होती. आम्ही त्यांना आमचा घोळ सांगितला. सोफा, टीव्ही, पीओपी, रंग. खालाजाननी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "खोली रिकामी करून बघितली का?"

आम्ही म्हटलं, "रिकामी? काम सुरू होईल तेव्हा करूच ना."

"तेव्हा नाही. आधी. सगळं बाहेर काढा आणि आठ दिवस तशीच राहू द्या. कोण कुठे बसतं, कशाची अडचण होते, कशाची आठवण येते, ते बघा. ज्या वस्तूची आठ दिवसांत आठवण आली नाही, ती परत आत नेऊ नका."

आठ दिवस रिकामी खोली

जानेवारीत आम्ही तसंच केलं. दोन लोखंडी कपाटं, एक मोडकी खुर्ची, जुन्या पेपरांची थप्पी, लग्नात मिळालेल्या भेटवस्तूंची काचेची शोकेस, चालत नसलेला कूलर, सगळं मागच्या अंगणात गेलं. तख्त उचलताना कळलं की त्याचा मागचा एक पाय वाळवीने निम्मा खाल्ला आहे. अब्बांच्या माघारी तो तख्त कुणी हलवलाच नव्हता.

पहिल्याच दिवशी तीन गोष्टी कळल्या.

एक, खोली लहान नव्हतीच. आम्ही ती भरून टाकली होती. शोकेस गेल्यावर पूर्वेकडचा उजेड थेट मध्यापर्यंत आला.

दुसरी गोष्ट खडूने कळली. मुलीने सोफ्याची मापं आणली होती. मोठा सोफा सात फूट लांब, तीन फूट खोल. तिने फरशीवर खडूने त्याची चौकट काढली, दोन खुर्च्यांच्या चौकटी काढल्या, मध्ये टीपॉयची. मग अम्मींना म्हणाली, "दादी, आता आतल्या दारातून तुमच्या जागेपर्यंत या बरं." अम्मी भिंतीला हात लावत आल्या आणि टीपॉय व खुर्चीच्या रेघांमध्ये थांबल्या. दीड फुटाची वाट उरली होती. त्यांना अंग वळवून, काठी आधी पुढे टाकून यावं लागत होतं. मुलगी काही बोलली नाही. तिने ओला कपडा आणला आणि खडू पुसून टाकला. सोफ्याचा विषय त्या दिवशी संपला. एका खडूच्या तुकड्याने मोठा खर्च वाचवला.

तिसरी गोष्ट अम्मींच्या जानमाजची. अम्मी आता खुर्चीवर बसून नमाज पढतात. त्यांची जानमाज पश्चिमेच्या भिंतीसमोर नेहमी जराशी तिरकी असे. आम्हाला वाटायचं, तख्ताच्या अडचणीमुळे. खोली रिकामी होती, तरी त्यांनी ती तशीच तिरकी अंथरली. मुलाने मोबाईलवर दिशा बघितली. वाशीमहून किबला नेमका पश्चिमेला नाही. पश्चिमेपासून साधारण ९ अंश उत्तरेकडे आहे. अम्मी म्हणाल्या, "मला अंशबिंश काय कळणार? तुमच्या दादांनी अशी दाखवली होती, मी तशी घालते." मुलगा जिथे टीव्ही लावायचं म्हणत होता, ती हीच भिंत. त्याने स्वतःच जागा बदलली.

मुद्दा असा की खोलीतली पहिली जागा आमच्या घरात ठरलेलीच होती. ती अम्मींची होती. बाकी सगळं तिच्याभोवती बसवायचं होतं. आम्ही मात्र वर्षातून चार वेळा येणाऱ्या पाहुण्यांपासून हिशेब मांडायला निघालो होतो.

भिंत काय सांगत होती

त्या भिंतीलाच खरा आजार होता. कपाट हटल्यावर ती उघडी पडली. फरशीपासून तीन-साडेतीन फुटांपर्यंत रंगाचे पोपडे आले होते, खाली पांढरा भुगा साचला होता. लोणा. दर दोन वर्षांनी आम्ही तो खरवडून वर रंग देत होतो आणि पुढच्या पावसाळ्यानंतर तो पुन्हा डोकं वर काढत होता. अम्मींचा खोकला आणि ही भिंत यांचा काही संबंध असेल, हेही कधी मनात आलं नव्हतं. त्यांची खुर्ची तर भिंतीपासून हातभर अंतरावर.

पुसद नाक्याकडे राहणारे एक म्हातारे मिस्त्री आहेत. जुन्या घरांची कामं करतात. त्यांना बोलावलं. ते आत आलेच नाहीत, आधी गल्लीत गेले. भिंतीच्या पायाशी उकिडवे बसले आणि विचारलं, "अम्मी, तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा दाराला पायऱ्या किती होत्या?"

"तीन," अम्मी म्हणाल्या.

आता जेमतेम अर्धी आहे. गल्लीतला रस्ता दर काही वर्षांनी एकेक थर वर चढत गेला आणि घराचं जोतं त्याच्याखाली गेलं. पावसाचं पाणी आता भिंतीच्या बुडाशी थांबतं. आपल्या भागातली माती काळी, पाणी धरून ठेवणारी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मातीची भिंत खालून ते पाणी वातीसारखं ओढते.

"पण पूर्वी एवढा लोणा नव्हता," आम्ही म्हटलं.

"पूर्वी वर चुना होता. भिंत पाणी प्यायची आणि वाऱ्यावर सोडून द्यायची. तुम्ही सिमेंटचा गिलावा केलात. आता पाण्याला बाहेर यायला वाट नाही. ते आतून वर चढतं. त्यावर तेलाचा रंग, म्हणजे माणसाला घाम आलाय आणि वरून प्लास्टिक गुंडाळलंय."

तो गिलावा आम्हीच हौसेने करून घेतला होता. घर पक्कं दिसावं म्हणून.

मिस्त्रींनी कामाचा क्रम सांगितला. आधी छत बघायचं, कारण वरून गळत असेल तर खालची मेहनत वाया. मग बाहेरून भिंतीच्या पायाशी चर खणून खडी भरायची आणि पाण्याला उतार द्यायचा. मग आतला सिमेंटचा गिलावा चार फुटांपर्यंत उतरवायचा आणि भिंत उघडी सुकू द्यायची. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा, धुवायचा नाही. धुतला तर क्षार पुन्हा आत जातात. विजेच्या नळ्या याच वेळी बसवायच्या, म्हणजे नंतर नवी भिंत फोडावी लागत नाही. मग चुन्याचा गिलावा. तो सुकल्यावर चुन्याचाच रंग. फर्निचर, पडदे सगळ्यात शेवटी.

"किती दिवस?" आम्ही विचारलं.

"भिंत सांगेल तितके."

ईदचा हिशेब केला. एवढ्यात पुरं होणार नव्हतं. आम्ही मुलीकडे बघितलं. ती म्हणाली, "करा सुरू. ते लोक भिंतीला बघायला येत नाहीयेत." म्हणाली खरी, पण रात्री बराच वेळ जागी होती, हे तिच्या अम्मीला माहीत आहे.

चुना, भुसा आणि अजिंठा

जानेवारीतच गिलावा उतरवला. आतून दादाजानच्या वेळची माती निघाली, पांढरट, भुसा मिसळलेली. फेब्रुवारीच्या उन्हात खिडक्या-दारं उघडी ठेवून भिंत सुकवली. मिस्त्रींनी चुना आधीच पाण्यात भिजत घातला होता. त्यात वाळू, थोडा कातरलेला ताग आणि गूळ व बेलफळाचं पाणी. धाकटी रोज शाळेतून आली की त्या पिंपात डोकावून बघायची. "खायचं आहे का हे?" म्हणायची.

एका दुपारी मुलगा कॉलेजातून आला आणि मातीतला भुसा बोटांनी चोळत म्हणाला, "अजिंठ्यातही असंच आहे." आम्हाला वाटलं, थट्टा करतोय. पण त्याने सांगितलं ते खरं आहे. आपलं वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे हरिषेण राजा होता. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं करवून घेतलं, तसा शिलालेख त्या लेण्यातच आहे. जगभरातून लोक जी चित्रं बघायला येतात, ती उघड्या दगडावर काढलेली नाहीत. खडकावर आधी मातीचा लेप दिला. त्यात भाताचं तूस, गवत, झाडपाल्याचे तंतू मिसळले, म्हणजे तो धरून राहील. त्यावर आणखी बारीक लेप, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. दीड हजार वर्षांनंतरही जिथे चित्र टिकलं आहे, तिथे खालचा लेप टिकला म्हणून ते टिकलं. जिथे लेप सुटला, तिथे चित्रही गेलं.

मिस्त्री थापी चालवता चालवता ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे वाशीमवाल्यांना हे आधीपासून ठाऊक होतं म्हणा ना. मधेच विसरले."

इफ्तार आणि पाहुणे

रमजान आला तेव्हा गिलावा नुकताच झाला होता. भिंत करडी-पांढरी, ठिकठिकाणी ओलसर. त्या उघड्या खोलीत आम्ही महिनाभर इफ्तार केला. सामान नव्हतं, त्यामुळे दस्तरखान पहिल्यांदाच सरळ अंथरता आला. शेजारची मुलं यायची, मिस्त्रींचे दोन मजूरही कधी कधी बसायचे. खजूर, भजी, कलिंगड आणि फरशीवर मांडी घालून बसलेली पंधरा माणसं. शहाबादी फरशी तेव्हा पायाला गार लागायची. टाईल्सवाल्याचं ऐकलं नाही, हे बरं झालं.

याच महिन्यात गाद्यांचं कामही झालं. जुन्या गाद्या दगडासारख्या झाल्या होत्या. पिंजारी चाचांनी कापूस पिंजून दिला, थोडा नवा घातला आणि चार गाद्या, सहा लोड करून दिले. खोळी मोठ्या मुलीने शिवल्या. तख्ताचा पाय सुताराने बदलला, बाकीच्या पायांनाही वाळवीचं औषध लावलं.

ईदनंतरच्या दुसऱ्या रविवारी पाहुणे आले. मुलाचे वडील, आई आणि फुफी. आम्ही तीन भिंतींना गाद्या लावल्या होत्या आणि चौथी भिंत तशीच उघडी होती. वडिलांना तख्तावर बसवलं. मुलाच्या आईंची नजर सारखी त्या भिंतीकडे जात होती, आणि आमची त्यांच्याकडे. शेवटी अम्मींनीच सांगून टाकलं, "आजारी होती, औषधपाणी चाललंय." मग लोणा, पायऱ्या, चुना, सगळं निघालं. फुफी एकदम म्हणाल्या, "आम्ही आधी सोफा घेतला हो! आता त्याची पाठ बुरशीने काळी झाली. भिंतीला टेकवून ठेवला ना!" सगळे हसले आणि खोलीतला ताठा गेला. शीरखुर्मा दोनदा मागितला गेला.

रिश्ता जमला नाही. मुलगा पुण्यात नोकरीला होता आणि लग्नानंतर मुलीने शाळा सोडून तिकडे यावं असं त्यांचं म्हणणं होतं. मुलीला ते पटलं नाही. त्यांनीही समजून घेतलं आणि निरोप नीट, आदराने आला. काही दिवस घरात शांतता होती. आमच्यापैकी एकाच्या तोंडून निघून गेलं की भिंत झाकली असती तर बरं दिसलं असतं का. मुलीने खोळीचा दोरा तोडत उत्तर दिलं, "सोफा घेतला असता तर आज तो बघून जास्त वाईट वाटलं असतं. खोली काही त्यांच्यासाठी केली नव्हती." पुन्हा तो विषय निघाला नाही.

हिशेब

मे महिन्यात चुन्याचा रंग दिला. पांढऱ्यात थोडी नीळ. उन्हाळ्यात दुपारी खोली पूर्वीइतकी तापली नाही. अम्मींच्या खुर्चीजवळ वेगळा दिवा लावला. पूर्वी एकच ट्यूब खोलीच्या मध्यावर होती आणि कुराण शरीफ वाचताना त्यांच्याच डोक्याची सावली पानावर पडायची.

कुणाला उपयोग व्हावा म्हणून आमचा खर्च सांगतो. भिंत, चर, चुना आणि मजुरी ३४,००० रुपये. वीज ७,०००. रंग आणि रंगारी ४,५००. गाद्या, खोळी, पडदे आणि तख्ताची दुरुस्ती मिळून ८,५००. एकूण ५४,०००. उरलेले ६,००० अम्मींच्या औषधांच्या डब्यात ठेवले. निम्म्याहून जास्त पैसे अशा जागी गेले, जिथे आता काही दिसत नाही. टीव्ही पूर्वेच्या भिंतीवर आहे, जुनाच. पीओपीचं नाव धाकटी अजून काढते. सरांना तेल लावल्यावर वरचं लाकूड इतकं सुंदर निघालं की तीही आता फारसा जोर लावत नाही.

प्रत्येकाचं घर मातीचं नसतं आणि प्रत्येक भिंतीला लोणा नसतो. नव्या कॉलनीतल्या सिमेंटच्या घरात अडचण दुसरी असेल. कुठे संडास-बाथरूमची नळी झिरपत असेल, कुठे पश्चिमेचं ऊन थेट आत येत असेल. पण खोली आठ दिवस रिकामी ठेवणं आणि खडूने चौकट काढून बघणं कुठल्याही घरात जमतं. त्याला पैसे लागत नाहीत. आणि त्या आठ दिवसांत घरातल्या सगळ्यात गप्प माणसाकडे लक्ष ठेवावं. आमच्या अम्मी चार महिने "तुम्हाला बरं वाटेल ते करा" म्हणत होत्या. त्यांना काय हवं होतं, ते आम्हाला त्यांच्या चालण्यातून आणि तिरक्या जानमाजवरून कळलं.

खरी परीक्षा पावसाळ्याची होती. मिस्त्रींनी बजावलं होतं, "पहिल्या वर्षी थोडी ओल दिसेल, घाबरू नका, वर रंग फासू नका." ऑगस्टमध्ये दोन दिवस, दोन रात्री पाऊस कोसळला. गल्लीतून पाणी वाहत होतं. तिसऱ्या दिवशी फजरनंतर अम्मींनी आम्हाला हाक मारली. त्या खुर्चीवर बसून भिंतीला तळहात लावून होत्या.

"बघा," म्हणाल्या.

आम्ही हात लावला. अगदी खाली, फरशीजवळ चार बोटं ओल होती. त्याच्यावर भिंत कोरडी होती. ऑक्टोबरच्या उन्हात ती चार बोटंही सुकली, थोडा भुगा आला, तो ब्रशने झाडून टाकला. पुढच्या उन्हाळ्यात तेवढ्याच जागेवर मिस्त्री चुन्याचा आणखी एक हात देणार आहेत, इन्शाअल्लाह.